हिंसक गेममुळे पोरं गुन्हेगार होतात का? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी सातेक वर्षं टिळकवाडीत आठ कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे चालवला. त्याचं भाडं इंटरनेटवर निघत नव्हतं, काउंटर-स्ट्राइकवर निघायचं. बंदुकीचे गेम खेळणारी पोरं मी वीस वर्षं जवळून बघतोय. त्यातलीच काही आता स्वतःच्या पोरांना घेऊन येतात, काउंटरवर कोपर टेकतात आणि आवाज बारीक करून तेच विचारतात जे त्यांचे वडील मला विचारायचे. खानापूर, येळ्ळूर, सुळगा, कंग्राळी, कधी निपाणीहूनही माणसं येतात. मी डॉक्टर नाही, वकील नाही. पण इतक्यांदा विचारल्यावर वाचावं लागलं. वाचलेलं आणि बघितलेलं दोन्ही इथे लिहून ठेवतोय.

दादा, बंदुकीचा गेम खेळून पोरगा उद्या खरंच कुणाला मारेल काय?

नाही. गेम खेळला म्हणून कुणी खुनी झाला, असं दाखवणारा पुरावा आजवर कुणाला देता आलेला नाही, आणि शोधणाऱ्यांनी कमी शोधलेलं नाही.

आपल्याकडचंच बघा की. दिवाळीत गल्लीगल्लीत पोरं मातीचे किल्ले करतात. मावळ्यांच्या हातात तलवारी, बुरुजावर तोफा, एखादा हौशी पोरगा लाल रंग ओतून खिंडसुद्धा लढवतो. शिवजयंतीच्या चित्ररथांत रात्रभर लढाईचे जिवंत देखावे असतात आणि खांद्यावरचं दोन वर्षांचं पोर ते डोळे फाडून बघत असतं. त्यातून हिंडलगा जेल भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खेळातली तलवार आणि खरी तलवार यातला फरक पोरांना कळतो. आपल्याला वाटतं त्याच्या फार आधी कळतो.

दुसरं, हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव. रात्री गेममध्ये चौघांचं स्क्वाड करून बंदुका चालवणारीच पोरं पहाटे पाचला भरतीसाठी रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांना विचारा, गेममधल्या रायफलचं आणि खऱ्या रायफलचं नातं काय. हसतील.

मग आपल्याच तालुक्यात २०१९ ला झालं, ते काय होतं?

हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगाव तालुक्यात एका तरुणाने वडिलांचा जीव घेतला. देशभरच्या मथळ्यांत एकच शब्द होता: पबजी, मोबाईलवरचा बंदुकीचा गेम. त्या आठवड्यात माझ्या दुकानात रांग लागली होती. 'आधी तेवढं काढून टाका, मग बाकीचं बघा.' एक बाई तर पोराचा फोन पिशवीत गुंडाळून, जिवंत विंचू आणावा तशी घेऊन आली होती.

त्या घरात काय घडलं हे मथळ्यावरून ठरवायची माझी छाती नाही. मेलेल्या माणसाचं घर आहे ते. पण बातमीतलं एक वाक्य शांतपणे वाचा: मोबाईलवरून आणि खेळण्यावरून घरात भांडण होतं. गेम*वरून* भांडण आणि गेम*मुळे* खून, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या खेड्यांत बांधावरून डोकी फुटतात. पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात. म्हणून बांधाला कुणी अटक केली नाही. बांध हे निमित्त असतं. खालची आग वेगळीच असते: वाटणी, दारू, वर्षानुवर्षं गिळलेला अपमान, कधी कुणाच्याच लक्षात न आलेला मनाचा आजार.

आणि साधा हिशोब करा. त्या वर्षी आपल्या भागात तो गेम किती पोरांच्या फोनमध्ये होता? माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या दर दुसऱ्या फोनमध्ये. पोलिसांना जो कोणी विशीतला तरुण सापडेल त्याच्या फोनमध्ये तो सापडणारच होता, जसा व्हॉट्सअ‍ॅप सापडतो.

पण शास्त्रज्ञ म्हणतात ना की गेममुळे पोरं आक्रमक होतात?

म्हणतात. सगळे नाही. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण टीव्हीवर याचं पार भजं करतात.

प्रयोगशाळेत माणूस कुणाला मारतो का हे तर बघता येत नाही. मग आक्रमकता मोजायची कशी? काही प्रयोगांत गेम खेळून झाल्यावर सांगतात, समोरच्याला कर्कश आवाज ऐकवायचाय, किती मोठा ऐकवणार? काहींत सांगतात, पलीकडच्या माणसाला तिखट आवडत नाही, त्याला खायला किती तिखट सॉस देणार? जास्त दिला की तुम्ही आक्रमक. या मापाने आमच्या गल्लीतली मिसळवाली मावशी अट्टल गुन्हेगार ठरेल. चेष्टा सोडा, पण गोम इथेच आहे. चमचाभर तिखट आणि चाकू यांच्यामधलं अंतर प्रयोगशाळेला ओलांडता येत नाही.

तरी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदार आपल्या धंद्याचं बोलतो. २०१८ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून, १७ हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढच्या काळात मारामारीचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. थोडं म्हणजे खरंच थोडं, आणि मारामारी म्हणजे धक्काबुक्की, हाणाहाणी. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना दोन महिने रोज गेम खेळायला लावले. एका गटाला मारामारीचा जीटीए, दुसऱ्याला घरसंसाराचा सिम्स, तिसऱ्याला काहीच नाही. स्वभावात आक्रमकता वाढल्याचं दिसलं नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांना आणि त्यांच्या पालकांनाही विचारलं. काय मोजायचं, कसं मोजायचं हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढं उचलायला वाव नाही. तिथेही संबंध सापडला नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आक्रमकतेशी संबंध आहे असं म्हटलं, पण गुन्ह्यांबाबत पुरेसा पुरावा नाही हेही त्याच दमात सांगितलं. २०२० मध्ये त्यांनी आणखी स्पष्ट केलं: गोळीबारासारख्या हिंसेचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही. गेमवाल्यांची बाजू घेणारी ही संघटना नव्हे, म्हणून तिचं म्हणणं मला वजनदार वाटतं.

अमेरिकेत शाळांत गोळीबार करणारे सगळे गेम खेळायचे म्हणे.

१९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारापासून हे चालू आहे. तिथले दोघे हल्लेखोर डूम हा बंदुकीचा गेम खेळायचे, हे खरं. पण तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून २००२ मध्ये असे ३७ हल्ले तपासले. ४१ हल्लेखोर. हिंसक गेमची आवड दिसली ती त्यातल्या साधारण आठव्या हिश्श्यात. हिंसक सिनेमा, हिंसक पुस्तकं यांची आवड त्याहून जास्त जणांत होती, आणि सगळ्यात जास्त जणांनी हिंसा ओतली होती ती स्वतःच लिहिलेल्या कविता-निबंधांत. निबंधाच्या वहीवर बंदी घालायची मागणी मात्र कुणी केली नाही.

कॅलिफोर्नियाने पोरांना असे गेम विकायला बंदी घातली होती. ती २०११ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी उडवली. जपान-कोरियातली पोरं तर गेमवेडी, आणि खुनांचं प्रमाण अमेरिकेच्या जवळपासही नाही. फरक बंदुका कुठे मिळतात याचा आहे. खऱ्या बंदुका.

ब्लू व्हेलने तर पोरं मेली होती!

२०१७ मध्ये या एका नावाने माझी झोप उडाली होती. पोरांना जीव द्यायला लावणारा गेम, अशी त्याची अफवा होती. लोक यायचे, 'फोनमध्ये देवमासा आहे काय बघा.' डाउनलोड करायला तसला काही गेमच नव्हता, हे सांगून सांगून घसा बसला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही. आपल्या चंद्रपूरचेच ते. अफवा पहिल्या पानावर आली होती, खुलासा कुठल्या पानावर आला माहीत नाही.

हिंसेमुळेच सरकारने पबजी बंद केला ना?

नाही. २ सप्टेंबर २०२० ला एकदम ११८ अ‍ॅप बंद झाले. कारण दिलं ते देशाची सुरक्षितता आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याचं. चीनशी सीमेवर वाजलं होतं तो काळ. गेमातल्या बंदुकांचा त्यात संबंध नव्हता. २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. रक्ताचा रंग हिरवा करून. २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा हजर. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, फ्री फायर मॅक्स राहिला. पोरांनी एका गेमवरून दुसऱ्यावर उडी मारली, एवढंच.

१८ च्या आतल्यांना दिवसाला तीनच तास, असा नियम बीजीएमआयमध्ये आहे. आमच्याकडची सगळी सातवीतली पोरं त्यात १९८० च्या आसपास जन्मलेली आहेत.

गेम खेळताना शिव्या देतो, फोन आपटतो. हे कशाचं लक्षण?

बहुतेक वेळा नेट स्लो असल्याचं. पिंग तीनशेवर गेलं, समोरचा दिसायच्या आधी गोळी लागली, महिनाभर कमावलेली रँक घसरली की कुणाचंही डोकं फिरतं. कॅरममध्ये राणी जाऊन कव्हर चुकलं की आम्हीही बोर्ड उधळायचो.

शिव्या मात्र ऐका जरा. माइकवर एका स्क्वाडात वडगावचा मराठी पोरगा, गोकाकचा कन्नड, एक हैदराबादचा आणि एक कुठला तरी. चौघे मोडक्या हिंदीत बोलतात आणि चार भाषांतल्या शिव्यांची देवाणघेवाण चोख चालते. सीमाप्रश्न तिथे कुणाला आठवत नाही, हे बघून मला गंमत वाटते. पण माइकवरचा 'भैया' तिशीतला असू शकतो आणि तुमच्या पोरीचा नंबर मागू शकतो. गोळीबारापेक्षा मला त्याची धास्ती जास्त.

फोन हिसकावला की अंगावर येतो. काय करूया?

आधी मला सांगा, हिसकावता कधी? मॅचच्या मध्यात. बरोबर?

बीजीएमआयच्या मोठ्या नकाशावर शंभर जण उतरतात, मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते, आणि ती मध्ये थांबवता येत नाही. पोरगा निघाला की उरलेले तिघे मार खातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात याला 'पळपुट्या' म्हणतात. तुम्ही जेवायला बोलावता ते पाच मिनिटं बाकी असताना, दहा जण उरलेले असताना. त्याच्या दृष्टीने तुम्ही कुस्ती चितपट व्हायच्या क्षणी आखाड्यात शिरून त्याचा लंगोट ओढताय.

म्हणून घड्याळावर बोलू नका, मॅचवर बोला. 'ही शेवटची, पुढची सुरू करायची नाही.' सुरू व्हायच्या आधी सांगा. माझ्या घरात हे चाललंय. रोज चालतं असं नाही, पण पूर्वीपेक्षा ताटं कमी थंड होतात.

रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, सगळ्यांचा, बापाचासुद्धा. दोन वाजेपर्यंत जागलेलं पोर सकाळी चिडणारच. त्यात गेमातल्या बंदुकीचा दोष किती आणि अपुऱ्या झोपेचा किती हे वेगळं काढताच येत नाही. माझं मत विचाराल तर झोप.

पण पोरगा मारतो, वस्तू फोडतो, जीव देईन म्हणतो, असं असेल तर सल्ला द्यायला मी कोण? पुढचं वाचा.

गेमचं व्यसन हा आजार आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो आजारांच्या यादीत घातला, २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण खूप खेळतो म्हणजे आजारी, असं नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवण-अभ्यास-मित्र सगळं गेमच्या मागे पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, असं असेल तर. सुट्टीत दोन महिने खेळून शाळा सुरू झाल्यावर रुळावर येणारं पोर या यादीत बसत नाही. बऱ्याचदा आधी उदासी किंवा भीती असते आणि पोर गेममध्ये जाऊन लपतं. गेम काढला तर लपायची जागा जाते, भीती तिथेच.

धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, एसटीने दोन तासांच्या आत पोचता. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून खास मोबाईल-इंटरनेटच्या सवयींसाठी क्लिनिक आहे. घरबसल्या बोलायचं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. 'वेड्याच्या डॉक्टरकडे' न्यायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना मी सांगतो, फोनची बॅटरी फुगली की माझ्याकडे पळत येता, तेव्हा लाजता काय?

म्हणजे गेम आणि गुन्हा यांचा काहीच संबंध नाही म्हणता?

आहे. पण तुम्ही बंदुकीकडे बघताय आणि तो खिशात आहे.

गेल्या वर्षी एक माजी सैनिक आजोबा आले. म्हणाले, पेन्शन जमा होते पण शिल्लक राहत नाही, बँकेत नीट कुणी सांगत नाही, मोबाईलमध्ये मेसेज येतात ते इंग्रजीत. मी मेसेज वर सरकवत गेलो. ८९. ४४९. ८९. ८९. ८९९. परत ८९. तीन महिन्यांचे मेसेज, सगळे रात्री अकरानंतरचे. नातू आठवीत. आजोबांचा पिन त्याला पाठ, कारण त्यानेच सेट करून दिलेला. पैसे गेले होते बंदुकीवरच्या रंगांसाठी. होय, रंगांसाठी. गेममध्ये क्रेट नावाची पेटी विकत घ्यायची, उघडायची, आत काय निघेल ते नशीब. भारी रंग निघाला तर पोरगा वर्गात राजा, नाहीतर पुन्हा पेटी. आजोबांना मी विचारलं, मटका ठाऊक आहे ना? ते काही बोलले नाहीत. फोन पुसला, खिशात ठेवला, आणि चहा मागवा म्हणाले.

आता याला काय म्हणायचं? चोरीच. बंदुकीने नाही शिकवली, पेटीने शिकवली.

मोठ्यांचं याहून वाईट. रमी, तीन पत्ती, पैसे लावून खेळायचे अ‍ॅप. एक जण महिन्यात तिसरा फोन विकायला आला तेव्हा मी घेतला नाही. बिल विचारलं, तर बिल बायकोच्या नावावर. असली माणसं आधी सोसायटीचं कर्ज काढतात, मग दागिने गहाण, मग जे हाताला लागेल ते. आपल्या भागातल्या किती चोऱ्या, किती फसवणुकी, किती आत्महत्यांच्या मागे हे आहे याचा आकडा माझ्याकडे नाही. पण यातल्या बायका माझ्या काउंटरवर रडल्यात, आणि बंदुकीच्या गेममुळे अजून कुणी रडलेलं नाही.

सरकारलाही हे उशिरा दिसलं. कर्नाटकाने २०२१ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बंदुकीच्या गेमांना या कायद्याने हात लावलेला नाही, आणि ते मला बरोबर वाटतं. चोरवाटेने अजून लोक लावतात पैसे, हेही सांगतो.

फुकट यूसी, फुकट डायमंड (गेममधले पैसे) अशी लिंक आली, पोराने ओटीपी दिला आणि पैसे गेले, तर रागवत बसू नका. आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या तासाभरात केलेला फोन फार उपयोगी पडतो.

मग लहान पोराला जीटीए देऊ म्हणता?

नाही वो. वर्षं १८ लिहिलेली असतात ती उगाच नाही. त्यात मारामारी आहेच, पण वेश्या, ड्रग्ज, छळाचे प्रसंगही आहेत. आठ वर्षांच्या पोराने ते बघू नये, याला तो खुनी होईल हे कारण लागतच नाही. तमाशाला पण आपण पोराला पुढच्या रांगेत बसवत नव्हतो.

गेम लॉक करून द्यायचे किती घेता?

फुकट. फॅमिली लिंक टाकून देतो. किती वेळ खेळायचं, रात्री कधी बंद, नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी, सगळं तुमच्या फोनवरून. प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड लावून देतो, आणि यूपीआयचा पिन तुम्हीच बदलायचा, माझ्यासमोर पण नाही. फोनमध्ये आयता येणारा डिजिटल वेलबीइंगचा टायमर लावून समाधान मानू नका, तो पोरगा स्वतः काढू शकतो.

परवा येळ्ळूरचे एक जण पोराला घेऊन आले. सगळं लावून दिलं, वीस मिनिटं गेली. पासवर्ड काय ठेवू विचारलं, तर म्हणाले, जन्मसाल घाला माझं, लक्षात राहील. मी पोराकडे बघितलं. पोरगा छताकडे बघत होता.